डेबियनवर वायफाय दिसत नाही? आधी चिपचा नंबर काढा

भावाच्या जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, तेव्हा माझ्या दोन रात्री गेल्या. मॉडेलच्या नावावरून ड्रायव्हर शोधला, कंपाइल केला, आणि आत कार्ड निघालं भलत्याच कंपनीचं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी कार्डं असू शकतात. तेव्हापासून मी झाकणावरचं नाव विचारात घेत नाही.

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय चालवा, पुढे डॅश देऊन एनएनके जोडा. ‘नेटवर्क कंट्रोलर’च्या ओळीत चौकोनी कंसात मधे कोलन असलेले चार-चार अक्षरी दोन नंबर दिसतील. पहिला कंपनीचा: ८०८६ इंटेल (त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचं नावच ते, म्हणून विसरायला होत नाही), १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस. दुसरा नेमक्या चिपचा. शोध घ्यायचा तो या जोडीचा. यूएसबी डोंगल असेल तर एलएसयूएसबी वापरा.

त्याच ओळीखाली ‘कर्नल मॉड्यूल्स’समोर नाव असेल, तर कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) ड्रायव्हर आहे. अडतं ते बहुतेक वेळा फर्मवेअरपाशी. फर्मवेअर म्हणजे खुद्द चिपच्या आत चालणारा प्रोग्राम. अशा चिपमध्ये ड्रायव्हर तो सुरू होताना भरतो, आणि डिस्कवर फाइलच नसेल तर चिप जागी होत नाही. रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन डीमेसग (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवा आणि त्यात ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. कोणती फाइल मिळाली नाही, ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. हा संदेश वाचायची सवय मात्र लावून घ्याच.

डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येतं. पण ११ वरून अपग्रेड केलं असेल, तर सोर्सेस लिस्टमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग आपल्या हाताने जोडावा लागतो. मग ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, ‘फर्मवेअर-रिअलटेक’ किंवा ‘फर्मवेअर-अथेरॉस’, जे लागू असेल ते पॅकेज घ्या आणि रीबूट करा. ब्रॉडकॉमचं वेगळं: त्यांच्या बऱ्याच जुन्या चिपना ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’ लागतं. ते तुमच्याच मशीनवर बांधलं जातं, म्हणून आधी कर्नल हेडर्स (त्या बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) टाका.

वायफायच नाही, तर पॅकेज उतरवायचं कसं? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला ते वायर्ड कनेक्शनसारखं दिसतं. मी आता सुरुवातच इथून करतो.

कार्ड दिसतंय पण चालू होत नाही? ‘आरएफकिल लिस्ट’ बघा, वायरलेस कुठे अडवलंय ते ही कमांड दाखवते. सॉफ्ट ब्लॉक असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरतं. हार्ड ब्लॉक कमांडने निघत नाही. कडेचं बटण किंवा फंक्शन की शोधा.

आणि एनएमसीएलआय (कनेक्शन सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजर प्रोग्रामची कमांड) ‘अनमॅनेज्ड’ म्हणत असेल, तर हार्डवेअरला हात लावू नका. इन्स्टॉलच्या वेळी वायफाय जोडलं असेल, तर त्याच्या ओळी ईटीसीमधल्या नेटवर्क फोल्डरच्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये राहून गेलेल्या असू शकतात, आणि मग नेटवर्कमॅनेजर त्या कार्डाकडे बघतच नाही. ‘एलओ’च्या (मशीनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीच्या) ओळी तशाच ठेवा, वायफायच्या ओळींच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा.