शिरोरेषा शेवटी

मोशन ग्राफिक्स शिकायला लागून तीन महिने झाले होते, तेव्हा लग्नपत्रिकेच्या व्हिडिओचं पहिलं काम मिळालं. ‘शुभविवाह’ हा शब्द बोरूने लिहिल्यासारखा पडद्यावर उमटायला हवा होता. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधले शेप, मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा ते ठरवणारी चौकट) आणि ब्रश त्या एका शब्दाने मला शिकवले, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी हाच सराव सुचवते.

पहिला गोंधळ सगळ्यांचा होतो. शब्दामागे रंगीत पट्टी हवी म्हणून चौकोन काढला, तर पट्टी आलीच नाही, उलट शब्दाचा मधला तुकडा तेवढा उरला. शब्दाचा लेयर (थर) सिलेक्ट होता ना! शेप सोडून दुसरा लेयर निवडलेला असेल तर चौकोनाचा मास्क होतो. काहीच निवडलेलं नसेल तर नवा शेप लेयर तयार होतो. काढण्याआधी एफ२ दाबून निवड सोडायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या.

ब्रश चालतो तो लेयरवर डबल क्लिक करून उघडणाऱ्या खिडकीत. ड्युरेशन (रेघ कधी, किती वेळ दिसावी) ‘राइट ऑन’ ठेवलं की हात ज्या वेगाने फिरला त्याच वेगाने रेघ उमटते. पण माउसने काढलेली रेघ थरथरते, बोरूचं वळण त्यात येत नाही. स्कॅन केलेल्या चित्रावरचे ठिपके पुसायला मात्र क्लोन स्टॅम्पसारखं (शेजारचा भाग उचलून डागावर छापणारा ब्रश) दुसरं काही नाही. तेव्हा ड्युरेशन ‘कॉन्स्टंट’ हवं, ‘सिंगल फ्रेम’ असेल तर ठिपका एका फ्रेमपुरता जातो आणि परत येतो.

खरं काम शेपने केलं. अक्षराच्या मधोमध पेन टूलने रेघ, फिल (आतला रंग) बंद, स्ट्रोक (रेघ) अक्षरापेक्षा जाड. ‘ॲड’ या मेन्यूमधून ट्रिम पाथ्स (रेघेचा किती भाग दिसावा ते ठरवणारी सोय) घेऊन ‘एंड’ 0 वरून 100 टक्क्यांवर नेलं आणि हा शेप शब्दाचा ट्रॅक मॅट (शब्द कुठे दिसावा ते ठरवणारा लेयर) केला. रेघ सरकेल तसं खालचं अक्षर उघडं पडत जातं.

तरी काहीतरी खटकत होतं. एकेक फ्रेम पुढे नेऊन पाहिलं. ‘व’चा दांडा उमटताना जाड स्ट्रोकमुळे वरच्या शिरोरेषेचाही तुकडा दिसत होता. आपण लिहितो ते अक्षरं आधी, शिरोरेषा नंतर. मग शब्दाचा लेयर डुप्लिकेट केला आणि शिरोरेषेभोवती एकच मास्क दोन्हींवर टाकला: एकावर ‘ॲड’ मोड (मास्कमधला भागच दिसतो), दुसऱ्यावर ‘सबट्रॅक्ट’ (तेवढा भाग वगळला जातो). सांध्यावर बारीक फट दिसली, ती ‘ॲड’वाल्या मास्कचं एक्स्पान्शन (कड बाहेर सरकवणं) एक पिक्सेल वाढवून बुजवली.

शिरोरेषा ‘भ’वर तुटते, म्हणून तिचे दोन पाथ (रेघा) लागले. ट्रिम पाथ्समध्ये ‘इंडिव्हिज्युअली’ निवडलं की ते एकामागून एक उमटतात. 25 फ्रेमच्या सेकंदात शिरोरेषेला 12 फ्रेम दिल्या, आणि त्याआधी चार फ्रेम रिकाम्या सोडल्या. हात उचलून पुन्हा डावीकडे न्यायला तेवढा वेळ लागतोच.