वहीत लाल फुली मारायच्या आधी: लहान मुलांच्या गणितातल्या नेहमीच्या चुका

दुसरी-तिसरीतल्या पोरांची वही बघितली की आपण पटकन म्हणतो, लक्ष कुठे असतं रे तुझं. पण बऱ्याचदा लक्ष जागेवरच असतं, पोराने डोक्यात स्वतःचाच एक नियम बनवलेला असतो आणि तो बिचारा इमानदारीत पाळत असतो. म्हणून खोडरबर हातात घ्यायच्या आधी विचारा, "हे कसं केलंस, सांग ना मला." ओरडून नाही हां.

सगळ्यात कॉमन म्हणजे ५२ - २७ = ३५. सातातून दोन काढले, कारण "लहानातून मोठा जात नाही" असं आपणच कधीतरी सांगितलेलं असतं. इथे नुसतं "हातचा घे, हातचा घे" करून काही होत नाही. खेळण्यातल्या दहाच्या ५ नोटा आणि रुपयाची २ नाणी द्या आणि २७ रुपये मागा. सात सुटे नाहीत म्हटल्यावर तो स्वतःच एक नोट मोडून मागतो, मग ४ नोटा आणि १२ नाणी झाली, आणि तेव्हाच्या तेव्हा वहीत पाचावर काट मारून ४ लिहायचे, दोनाच्या जागी १२. हे जमलं की मगच ५०२ - १७८ कडे जा, कारण तिथे दहाच्या नोटाच नाहीत, आधी शंभराची मोडा मग दहाची, चौथीतली पोरंपण अडकतात.

पंचवीस ऐकून ५२ लिहिणं आणि एकोणतीसला ३९, हे तर घरोघरी. आपण पाच आधी बोलतो वीस नंतर, पोर जसं ऐकतं तसं लिहितं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मला विचाराल तर पंचवीस सोडायची गरज नाही, पण सुरुवातीला दोन्ही म्हणून घेतलं तर बिघडलं कुठे. लिहिताना आधी "दशक किती?" विचारायचं.

बेरजेत अंक इकडेतिकडे सरकत असतील तर चौकटीची वही आणा, एका चौकटीत एकच अंक.

भागाकारात ६१२ ÷ ६ = १२ येतं, मधलं शून्य गायब. आधी अंदाज करायला लावा, सहाशेचे सहा भाग केले तरी शंभर येतात, मग १२ कसे?

शाब्दिक उदाहरणात 'जास्त' दिसलं की बेरीज, हे शिकवूच नका प्लीज. "मीनाकडे १२ गोट्या, राजूपेक्षा ५ जास्त, तर राजूकडे किती?" पोर १७ लिहून मोकळं. चित्र काढायला सांगा, कोणाकडे जास्त आहेत ते बोट ठेवून दाखवू दे.

आणि एकदम वीस गणितं देऊ नका, चुकीच्या पद्धतीने वीस सोडवली तर तीच पक्की होते. चार द्या, दुसरं झालं की डोकावून बघा.