येळवशीची डीव्हीडी: घरचे व्हिडिओ जपायचे कसे आणि फक्त घरच्यांनाच दाखवायचे कसे

आमच्या घरी २००९ च्या येळवशीची एक डीव्हीडी आहे. येळवस म्हणजे आमच्या लातूरकडे मार्गशीर्ष अमावस्येला शेतात जाऊन साजरा करायचा सण. औसा तालुक्यातलं शेत, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत चुन्याने रंगवलेले दगडांचे पांडव, आंबिलाचं मडकं, आणि कॅमेरा बघून "काय सिनेमा काढायला का रे?" म्हणणारे आजोबा. त्यांचा आवाज आता फक्त त्या डीव्हीडीत आहे. मागच्या वर्षी ती लावली तर अकराव्या मिनिटाला चित्र अडकलं.

तेव्हापासून भावकीतले सगळे जुने व्हिडिओ गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एक गोष्ट लवकर कळली: जपणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. "ग्रुपवर टाकलंय की" म्हणणाऱ्याने फक्त दाखवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, आणि फोन बदलला की तोही सापडत नाही.

आधी सगळं एका जागी आणा

सीडी-डीव्हीडी असतील तर आजच हात घाला. लॅपटॉपला डिस्क वाचणारा ड्राइव्ह नसेल तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा मिळतो. जुन्या लग्नाच्या व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘डॅट’ फाइल. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर असतो आणि त्यात एकेक जीबीपर्यंतचे ‘व्हीओबी’ तुकडे. एखादाच तुकडा उचलू नका, अख्खा फोल्डर कॉपी करा. व्हीएलसी हे फुकटचं प्लेअर दोन्ही चालवतं. फोनवर बघण्यासाठी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने डीव्हीडीची एमपी४ फाइल करा, पण मूळ फोल्डर पुसू नका.

डिस्क अडकत असेल तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. आपण सगळे ताट पुसल्यासारखं गोल गोल पुसतो, तसं नको. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. आमची डिस्क लॅपटॉपने नाकारली आणि चुलतभावाच्या जुन्या कॉम्प्युटरने मुकाट्याने वाचली.

फोनमधले व्हिडिओ केबल लावून उतरवा. ज्याने काढलाय त्याच्याच फोनमधून घ्या, ग्रुपवरून आलेला नको. माणूस पुण्यात असेल तर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. तशी २ जीबीपर्यंतची फाइल न दबता येते.

नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२००९-१२-१६ येळवस शेतात’. असं लिहिलं की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतो. कॅमेऱ्यावरच्या तारखेवर विसंबू नका. आमच्या व्हिडिओच्या कोपऱ्यात १ जानेवारी दिसते, कारण हँडिकॅमचं घड्याळ कधी लावलेलंच नव्हतं. पुतणी त्यात रांगताना दिसते, त्यावरून वर्ष कळलं. येळवस मार्गशीर्ष अमावस्येलाच, म्हणून कॅलेंडरने दिवस सांगितला.

तीन प्रती, एक घराबाहेर

एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी किंवा ऑनलाइन. सगळ्या प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर त्यांचं नशीबही एकच. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट किल्लारीकडच्या ज्यांना आठवते, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

नवी हार्ड डिस्क ‘एक्सफॅट’ पद्धतीने फॉरमॅट करा. जुन्या ‘फॅट ३२’ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही, आणि लग्नाचा सलग व्हिडिओ तेवढा सहज होतो. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून हे ती रिकामी असतानाच करायचं. डिस्क पत्र्याखालच्या माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात तिथे काय तापतं ते आपल्याला माहीत आहे. आमच्याकडे दोन डिस्क आहेत. एक माझ्याकडे, एक पुण्याला भावाकडे. दिवाळीला तो गावी आला की दोन्ही जोडून नवं ते भरतो आणि अदलाबदल करतो.

ऑनलाइन प्रतीचा हिशोब

गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून. फोनवर फुल एचडी शूटिंगचं एक मिनिट शंभर-सव्वाशे एमबीपर्यंत जातं, म्हणजे दोन-अडीच तासांत ती जागा संपली. म्हणून सगळं चढवायचा हट्ट नको. मोलाचं निवडा, नाहीतर जास्तीची जागा महिन्याच्या पैशाने घ्या. गूगल फोटोजमध्ये बॅकअप चालू करताना ‘ओरिजिनल क्वालिटी’ निवडलेली आहे ना ते बघा. ‘स्टोरेज सेव्हर’ व्हिडिओ दाबून ठेवतं.

रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ४ जीबीचा व्हिडिओ चढवायला तीन दिवस लागतील. वायफाय असेल आणि अपलोडचा वेग १० एमबीपीएस मिळत असेल तर तासाभराचं काम. रात्री लावून झोपा. ब्राउझरमधून चढवण्यापेक्षा कॉम्प्युटरसाठीचं गूगल ड्राइव्हचं अ‍ॅप बरं. मध्येच लाइट गेली तरी आल्यावर ते राहिलेलं काम पुन्हा धरतं.

इथे एक सापळा आहे आणि मी त्यात पडून आलोय. फोन भरला म्हणून मी फोटोच्या अ‍ॅपमधून बारशाचे व्हिडिओ डिलीट केले, "बॅकअप आहे की" या भरवशावर. बॅकअपमधलेही गेले. अ‍ॅपमधलं डिलीट दोन्हीकडचं पुसतं. फक्त फोन मोकळा करायचा असेल तर ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली वस्तू ट्रॅशमध्ये ६० दिवस राहते. माझ्या ते विसाव्या दिवशी लक्षात आलं म्हणून वाचलो.

आता दाखवायचं

लिंक म्हणजे घराची किल्ली. ज्याच्या हाती गेली तो आत. गूगल ड्राइव्हमध्ये फोल्डर शेअर करताना ‘एनीवन विथ द लिंक’ नको, ‘रिस्ट्रिक्टेड’ ठेवा आणि एकेकाचा जीमेल पत्ता घाला. हक्क ‘व्ह्यूअर’चाच, म्हणजे फक्त बघण्याचा द्या. ‘एडिटर’ केलं तर एखादा भाचा उत्साहात साफसफाई करेल. गूगल फोटोजच्या शेअर केलेल्या अल्बममध्येही लिंक शेअरिंग बंद करून माणसं नावाने बोलवता येतात. तिथेच लोकेशन दाखवायचं की नाही तेही ठरवा.

खरी अडचण पुढे आहे. आत्याला विचारलं, "तुझा जीमेल काय?" तर म्हणाली, "ते दुकानदाराला माहीत." फोन घेताना दुकानातल्या पोराने खातं काढून दिलेलं आणि पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ‘गूगल’वर टेकवा, वरच पत्ता दिसतो. पत्ता मिळाला की लगे हाथ पासवर्ड बदला, तिचाच मोबाइल नंबर खात्याला जोडा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करा. या कामाला अर्धा दिवस आणि तीन कप चहा लागतो.

यूट्यूबवर टाकायचंच असेल तर ‘प्रायव्हेट’ आणि ‘अनलिस्टेड’ यातला फरक ध्यानात ठेवा. अनलिस्टेड शोधल्यावर सापडत नाही, पण लिंक पुढे गेली की कुणीही बघतो. प्रायव्हेट फक्त तुम्ही बोलावलेल्या माणसांना, तेही लॉगिन केल्यावर. लग्नाच्या व्हिडिओत सिनेमाची गाणी भरलेली असतात. यूट्यूब ती ओळखतं आणि कधी कधी व्हिडिओ अडवतं. तिथून परत उतरवलेली फाइल मूळ दर्जाची नसते, त्यामुळे यूट्यूबला बॅकअप समजू नका.

शेअर करण्याआधी विचारा. उघड्या अंगाने न्हाणारी लेकरं ग्रुपवर नकोत. मोडलेल्या लग्नाचा व्हिडिओ ‘आठवण’ म्हणून टाकणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक भावकीत असतो. त्याला व्ह्यूअरचाही हक्क विचार करून द्या.

दोन वर्षं न वापरलेलं गूगल खातं बंद होऊन त्यातलं सगळं पुसलं जाऊ शकतं. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं थांबलं तर कुणाला कळवायचं, डेटा कुणाला द्यायचा, ते तिथे आधीच नोंदवता येतं. वडिलांच्या खात्याचं मी हे त्यांच्यासमोर बसून केलं.

आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा: कुठलं गाव, कोण कोण दिसतंय, डावीकडून उजवीकडे. हे मला उशिरा सुचलं. आत्याने येळवशीचा व्हिडिओ उघडला त्या रात्री तिचा फोन आला. आजोबांचा आवाज ऐकून आधी जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "कोपीच्या मागं हिरव्या लुगड्यातली उभी हाय, ती कोण रे?" मला सांगता आलं नाही. फाइलमध्ये तिच्यापुढे सध्या प्रश्नचिन्ह आहे. मोठ्या काकूंना विचारायचं राहिलंय.