तालुक्याच्या गावातून जाणारा महामार्ग रुंद करताना

स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी घेऊन महामार्गाच्या कामावर रुजू होऊ पाहणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींना मुलाखतीत हल्ली शाश्वत बांधकामाविषयी हमखास विचारले जाते आणि बहुतेकांचे उत्तर प्लास्टिकमिश्रित डांबरापासून सुरू होते. ते उत्तर चूक नाही. परंतु यवतमाळ-अमरावतीकडच्या रस्त्यांवर काम करताना माझे मत असे झाले आहे की, गर्दीच्या रस्त्याचे रुंदीकरण किती टिकाऊ आणि किती काटकसरीचे होणार, हे डांबर पडण्याच्या कितीतरी आधी, वाहनगणनेत आणि मातीच्या तपासणीत ठरून गेलेले असते.

वाहनगणना हे कंटाळवाणे काम नवख्याच्या गळ्यात पडते. ते मनापासून करावे. ग्रामीण रस्त्यांच्या क्षमतेविषयी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या १९९०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, वाहन रस्ता किती अडवते या हिशेबाने, एका मोटारीला १ धरल्यास ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४.५ आणि बैलगाडीला ८ असे मूल्य दिलेले आहे. त्यामुळे मे महिन्यात मोजलेला रस्ता आणि दिवाळीनंतर कापूस बाजार समितीकडे निघाल्यावर मोजलेला तोच रस्ता यांच्या आकड्यांत मोठी तफावत येते. आठवडी बाजाराचा दिवस वगळून केलेल्या गणनेवर जर रुंदी ठरली, तर काही वर्षांतच तो रस्ता पुन्हा उकरावा लागतो, आणि साहित्याची याहून मोठी नासाडी दुसरी नाही.

मातीविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात फुगते, त्यामुळे तिच्यावर थेट उभारलेला रस्ता वरून कितीही चांगला असला तरी लाटांसारखा वरखाली होतो. ती सगळी उचलून दुरून मुरूम आणणे हा जुना उपाय असून, त्यात टिप्परांच्या फेऱ्या, डिझेल आणि एखादी टेकडी असे तिन्ही खर्ची पडते. त्याऐवजी जागेवरच चुना मिसळून मातीचा फुगवटा कमी करता येतो. पण चुन्याचे प्रमाण प्रयोगशाळेत ठरवावे लागते आणि मिश्रणाला मुरायला वेळ द्यावा लागतो. मातीची भार पेलण्याची ताकद मोजणारी सीबीआर चाचणी चार दिवस पाण्यात भिजवलेल्या नमुन्यावरच करून घ्यावी, कारण कोरड्या नमुन्याचा आकडा पावसाळ्यात उपयोगी पडत नाही.

भरावासाठी कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांची राख आपल्याला तुलनेने जवळ आहे, आणि डिसेंबर २०२१च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा केंद्रांपासून ३०० किलोमीटरच्या आतील रस्त्यांच्या कामात ती वापरणे अपेक्षित आहे. राखेच्या भरावाला दोन्ही बाजूंनी मातीचे जाड आवरण लागते, अन्यथा पहिल्या वळवातच ती वाहून शेजारच्या शेतात जाते आणि मग शेतकऱ्याला उत्तर साइटवरच्या सर्वांत कनिष्ठ अभियंत्याला द्यावे लागते. बुलढाणा जिल्ह्यात तलाव आणि नाले खोल करून निघालेले साहित्य महामार्गाला वापरले गेले व पाणीसाठाही वाढला. ही पद्धत इतरत्र करताना वरचा गाळ शेताला आणि खालचा मुरूम रस्त्याला, एवढा विवेक ठेवावा.

जुने डांबर मिलिंग मशीनने खरवडून पुन्हा वापरता येते. त्याचा ढीग ताडपत्रीखाली ठेवावा, कारण ओले साहित्य तापवताना प्लांटचे इंधन वाढते. नागपूर जिल्ह्यातील मनसर येथे डिसेंबर २०२४मध्ये लिग्निन या वनस्पतींतील घटकापासून बनवलेल्या जैव-डांबराच्या रस्त्याचे उद्घाटन झाले. त्याविषयी जरूर वाचावे; नोकरीची पहिली दोन वर्षे मात्र प्रॉक्टर चाचणी (माती किती ओलाव्यावर सर्वांत घट्ट दबते ते पाहणारी) आणि मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) यांतच जातील.

जून २०२२मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत झाली. गावातून जाणाऱ्या कामाला ही गती लावू नये, कारण तिथे वाहतूक चालू ठेवूनच काम करायचे असते. आधी नाल्या आणि मोऱ्या, मग सर्व्हिस रोड, त्यावर वाहतूक वळवून शेवटी मुख्य रस्ता, असा क्रम मला सर्वांत कमी त्रासाचा वाटतो. डायव्हर्जनचा आराखडा करताना एसटीचा थांबा, शाळेची वेळ आणि शेतात उतरणारी प्रत्येक वाट नकाशावर दाखवून घ्यावी आणि पावसाळ्याआधी निदान नाल्यांचे काम पुरे व्हावे, यासाठी कंत्राटदाराच्या वेळापत्रकावर पहिल्या आठवड्यापासून लक्ष ठेवावे.