खाडीतील लहान होडीसाठी इंजिन आणि पंखा कसा निवडावा

बेलापूरजवळच्या दिवाळे किंवा नेरूळजवळच्या सारसोळेच्या धक्क्यावर कोणी नवे आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून बसवायचे) इंजिन घेऊन आला, की त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती एचपी? पाण्यात फिरून होडी पुढे ढकलणाऱ्या पंख्याविषयी (प्रोपेलर) कोणी विचारत नाही, कारण तो इंजिनाच्या खोक्यातून आपोआप येतो आणि आला तसाच बसवला जातो. माझ्या अनुभवात मात्र ठाण्याच्या खाडीत चालणाऱ्या होड्यांची निम्मी दुखणी त्या न विचारलेल्या प्रश्नातून सुरू होतात.

निवडीची सुरुवात होडीच्या भरलेल्या वजनापासून करावी. रिकाम्या होडीच्या वजनात माणसे, जाळी, बर्फ, इंधन आणि स्वतः इंजिन यांचे वजन मिळवून जो आकडा येतो, तोच धरावा. त्यानंतर होडीची पाण्याला टेकलेली लांबी फुटांत मोजावी. त्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले, की पाणी कापत जाणाऱ्या जड होडीचा व्यवहार्य कमाल वेग नॉटमध्ये मिळतो. १६ फुटांसाठी तो सुमारे ५.४ नॉट, म्हणजे ताशी जेमतेम १० किलोमीटर येतो. गोल तळाच्या जड लाकडी होडीवर याहून कितीही मोठे इंजिन लावले, तरी मागची बाजू पाण्यात बसते, नाळ म्हणजे पुढचे टोक वर उचलले जाते, पेट्रोल जळत राहते आणि वेग फारसा वाढत नाही. अशा होडीला दर टनामागे ४ ते ५ अश्वशक्ती साधारणपणे पुरते. वारा आणि ओहोटीचे पाणी समोरून आले तर हाताशी असावी म्हणून त्यावर थोडी जास्त धरावी. सपाट तळाची हलकी फायबर होडी पाण्यावर उचलली जाऊन घसरत धावते, त्यामुळे तिला हा हिशेब लागू पडत नाही. मात्र ती पूर्ण भरली, की तीही बऱ्याचदा जड होडीसारखीच वागू लागते, हे विसरू नये.

इंजिनाच्या दांड्याची लांबी मागच्या फळीच्या उंचीवरून ठरते. आखूड दांडा सुमारे १५ इंच उंचीच्या फळीसाठी असतो आणि लांब दांडा सुमारे २० इंचांसाठी. पंख्याच्या वर जी आडवी चपटी पट्टी असते, ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली एखादा इंच यावी. इंजिन त्याहून वर बसले, तर लाटेत किंवा वळणावर पंखा पृष्ठभागावरची हवा ओढतो, फेऱ्या एकदम वाढतात आणि होडी मात्र जागेवरच राहते. आपल्याकडे याला ‘पंखा घसरतो’ म्हणतात आणि पंखाच बदलायला धावतात. पुष्कळदा दोष उंचीचा असतो. इंजिन फार खाली बसवले तर पाण्याचा विरोध वाढतो, शिवाय सुकतीला (ओहोटीत पाणी उतरल्यावर) सर्वांत आधी तेच गाळात रुतते.

आता पंख्याकडे येऊ. पंख्यावर ‘९¼ × ९’ असे कोरलेले असते. पहिला आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे स्क्रू लाकडात शिरतो तसा पंखा एका फेरीत, अजिबात न घसरता, जितका पुढे सरकला असता ते अंतर. इंजिन मिनिटाला ५,५०० फेरे घेते आणि गिअरचे प्रमाण दोनास एक आहे असे धरले, तर पंखा २,७५० फेरे घेतो. त्याला ९ इंच पिचने गुणून १,२१५ ने भागले, की २०.४ नॉट हा कागदावरचा वेग निघतो. प्रत्यक्षात धावणाऱ्या हलक्या होडीत यातले १० ते २० टक्के घसरणीत जातात. ज्या होडीचा स्वभावच ५.४ नॉटचा आहे, तिच्या इंजिनाला मात्र हा पंखा म्हणजे सायकलवर मोठ्या गिअरमध्ये घाट चढण्यासारखा आहे. त्या इंजिनाला लहान पिच हवा, आणि वरच्या पट्टीखाली जागा असेल तर मोठा व्यासही.

आम्ही तिघांनी मिळून घेतलेल्या फायबर होडीवर १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन होते. विकणाऱ्याने ‘हाच चालतो’ म्हणून नऊ इंच पिचचा पंखा दिला होता. रिकामी होडी छान पळे. पाच माणसे आणि जाळी चढली, की इंजिन गुरगुरत राही. अखेर प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा लहान डिजिटल टॅकोमीटर लावून पाहिले, तेव्हा पूर्ण थ्रॉटलवर ४,३०० फेरे दिसले. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलसाठी ४,५०० ते ५,५०० लिहिले होते. म्हणजे विकत घेतलेली अश्वशक्ती आम्हाला कधी मिळतच नव्हती, आणि इंजिन कायम ओझ्याखाली तापत होते. सात इंच पिचचा पंखा लावल्यावर त्याच वजनाला ४,७०० फेरे झाले. पिच एक इंचाने कमी केला की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात, असे धरून चालावे.

ही चाचणी प्रत्येकाने करावी. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलेले असताना, नेहमीचे पूर्ण वजन घेऊन, आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने पूर्ण थ्रॉटलवर दोन-दोन मिनिटे जावे आणि मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग फेऱ्यांबरोबर लिहून ठेवावा. नंतर रिकाम्या होडीने पुन्हा पाहावे. तेव्हा फेरे पुस्तिकेतील कमाल मर्यादा ओलांडत असतील, तर पिच फार लहान झाला आहे. उधाणाच्या दिवशी चाचणी घेऊ नये; त्या ओढीत आकडे फसवतात.

आपल्या खाडीत तळ गाळाचा असला, तरी पुलांच्या खांबांजवळ दगड आणि राडारोडा सापडतो, म्हणून मी ॲल्युमिनियमचाच पंखा सुचवेन. तो वाकतो, पण ठोकून सरळ करता येतो. स्टेनलेसचा पंखा टणक असतो, परंतु जोराचा धक्का बसला की तो गिअरपर्यंत पोहोचण्याचा संभव अधिक. चार पात्यांचा पंखा जड होडीला चांगली पकड देतो आणि कमी थरथरतो. साध्या होडीला तीन पाती पुरेशी होतात. ऐरोलीच्या बाजूला २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. तिथे संथच चालवायचे असल्याने वेगासाठीचा मोठा पिच तसाही वाया जातो.

पंख्याचा खरा शत्रू नायलॉनची दोरी आहे. ती पंख्यामागे दांड्यावर गुंडाळली जाते, उष्णतेने वितळून घट्ट बसते आणि हळूहळू गिअरपेटीत पाणी शिरू न देणारे सील कापते. महिन्यातून एकदा पिन काढून पंखा उतरवावा आणि मागे हात फिरवून पाहावे. गिअरपेटीचे तेल ताकासारखे पांढरट निघाले, तर पाणी आत शिरले आहे, आणि सील बदलल्याशिवाय पुढची फेरी करू नये. थंडाव्यासाठी बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली, तर आधी इंजिन बंद करून वर उचलावे, कारण पाणी आत घेणाऱ्या इंजिनाच्या जाळीवर बहुधा प्लास्टिकची पिशवी किंवा गाळ चिकटलेला असतो. बदलीचा पंखा, दोन-तीन शिअर पिना (पंख्याला धक्का बसला की आधी स्वतः तुटणाऱ्या), कॉटर पिना, पक्कड आणि पाना हे सगळे एका डब्यात, आणि तो डबा होडीतच बांधलेला असावा. घरी ठेवलेला पंखा वाशीच्या पुलाखाली अडकलेल्या माणसाला उपयोगाचा नसतो. वल्हीही सोबत ठेवावीत.