द्राक्षांच्या खोक्यात मावणारा पसारा

आमच्या नाशकात जानेवारी ते मार्च द्राक्षांची खोकी फुकट मिळतात, फळवाल्याला नुसतं विचारायचं. मुलींचा कात्री-खडूंचा पसारा ठेवायला मी दोन आणते, कारण मुली दोन. एकच आणलं तर भांडण ठरलेलं.

आधी चिकटवायला खळ करा. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद गॅसवर ढवळत राहा. दुधट पाणी काचेसारखं दिसू लागलं, चमच्याला चिकटलं, की उतरवा. पूर्ण गार होऊ द्या. मागे कोमट असतानाच दिली, तर धाकटीने ती खीर म्हणून चाटली! उरलेली फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते.

खोक्यातल्या पिना आधी पकडीने काढा. कडांना जुन्या सुती साडीच्या पट्ट्या चिकटवा, पुठ्ठा बोटाला कापत नाही. बाहेरून वर्तमानपत्र, त्यावर मुली काय हवं ते रंगवतील. चमकी मात्र देऊ नका. गेल्या दिवाळीतली अजून फरशीच्या फटीत आहे.

धाकटीला वाचता येत नाही, म्हणून तिच्या खोक्यावर कात्री आणि खडूचं चित्र. तिने कात्रीला डोळे काढलेत, असू दे.

रोज दिवेलागणीआधी दहा मिनिटं आवरायचं. "पसारा आवरा" म्हटलं की कुणी हलत नाही. "आधी सगळं लाल उचल" म्हटलं की थोरली पळते, आणि तिच्यामागे धाकटी, हातात निळा खडू घेऊन.