तान्ह्या बाळाची कावीळ : घरी काय बघावं, दवाखाना कधी गाठावा

बाळ दोन-तीन दिवसांचं झालं की तोंडावर पिवळट झाक येते. पूर्ण दिवसांच्या साधारण ६० टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात अशी कावीळ दिसते. लाल पेशी फुटून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं आणि कोवळ्या यकृताला ते बाहेर टाकणं लगेच जमत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ती सर्वांत जास्त असते आणि बहुतेकांची दोन आठवड्यांत आपोआप जाते. श्रेय मात्र सकाळच्या उन्हाला मिळतं! कोवळं ऊन हा काविळीचा उपचार नव्हे, आणि उघडं बाळ त्यात गारठतं किंवा भाजतं.

रोज एकदा बघा. बाळाला दिवसाउजेडी खिडकीपाशी न्या, ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो. कपाळ, छाती, पोट, मांडी असं क्रमाने बोटाने हलकेच दाबून सोडा. बोट उचलल्यावर क्षणभर त्वचेचा खरा रंग दिसतो. सावळ्या बाळाचे डोळे आणि हिरड्याही बघा. कावीळ डोक्याकडून पायाकडे उतरते. चेहऱ्यापुरती असेल तर लक्ष ठेवा, पोटापर्यंत आली तर डॉक्टरांना दाखवा. तळहात-तळपाय पिवळे असतील तर रात्र असली तरी निघा. नजरेचा अंदाज चुकतो, खरा आकडा रक्त तपासूनच कळतो.

पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला तर वाट बघायचीच नाही. आईचा रक्तगट ओ किंवा निगेटिव्ह असेल, बाळ ३७ आठवड्यांआधी झालं असेल किंवा मोठ्या भावंडाला काविळीसाठी पेटीत ठेवावं लागलं असेल, तर हे डॉक्टरांना आधीच सांगा.

दूध वाढवा. बिलिरुबिन मुख्यतः शीवाटे जातं, म्हणून २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा, झोपलं असेल तर उठवून. ग्लुकोजचं पाणी, मध, गुटी यांतलं काही देऊ नका. बाळंतिणीची हळद बंद करण्यालाही काही अर्थ नाही.

लंगोट नीट बघा. याकडे घरात कुणाचंच फारसं लक्ष नसतं. पाचव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा वेळा शू हवी, पाण्यासारखी. शी मोहरीसारखी पिवळी असावी. शी पांढुरकी किंवा फिकट मातकट होत असेल आणि शूचा गडद पिवळा डाग पडत असेल, तर पित्तनलिका बंद असू शकते. तिची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. शीचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, लाजू नका. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा टिकला तर तपासणी हवीच. बऱ्याचदा ती आईच्या दुधामुळे लांबलेली निरुपद्रवी कावीळ निघते, पण ते तपासल्याशिवाय ठरवू नये.

आणखी एक. ट्रंकेतली जुनी झबली-दुपटी डांबरगोळ्यांत ठेवलेली असतील तर बाळाला घालूच नका. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असते. त्या वासानेही त्यांच्या लाल पेशी भराभर फुटतात.

ही लक्षणं दिसली तर १०८ ला फोन करा. बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, अंग लुळं पडलंय, किंचाळल्यासारखं रडतं किंवा पाठीची कमान करतं. बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात. काविळीच्या उपचारासाठी बाळाला निळ्या लाइटखाली ठेवलं तरी मधूनमधून पाजता येतं. डोळ्यांवरची पट्टी तेवढी सरकली नाही ना, ते पाहत राहा.